आवाज नसताना

भुंगीच्या डब्याखाली ओल्या रुमालाला चिकटलेली शाळेच्या बाईंची चिठ्ठी निघाली. चार ओळी. वर्गात हाक मारली तरी लक्ष नसतं, दोन-तीनदा हाक मारावी लागते, एकदा कान तपासून घ्यावेत. खाली सही, आणि सहीच्या बाजूला पेनाने काढलेलं एक हसरं तोंड, आयांनी घाबरू नये म्हणून काढतात तसं. मी ती सिंकपाशी उभ्या उभ्या वाचली. नळ चालूच राहिला होता. आधी ओठांना मुंग्या आल्या, मग जिभेच्या शेंड्याला, मग डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट माझं नसल्यासारखं झालं. श्वास घेतला तर तो गळ्याच्या खाली उतरेना, अर्ध्या जिन्यावरून परत येणाऱ्या माणसासारखा परत आला. हे सगळं मला पाठ आहे. कोण कोणाच्या आधी येतं, कोण किती वेळ थांबतं, जाताना कोण मागे रेंगाळतं, सगळं. तरी दर वेळी ते पहिल्यांदाच आल्यासारखं वाटतं, आणि दर वेळी मनात तेच येतं की मागच्या सगळ्या वेळा खोट्या होत्या, ही खरी. आतल्या खोलीत भुंगी गुणगुणत होती. जन्मल्यापासून ती अशी बारीक गुणगुणत असते, म्हणून ती भुंगी. मी नळ बंद केला आणि तिला हाक मारली. ती आली नाही. पुन्हा मारली. मग माझा आवाज जरा चिरकला, तशी ती दारात येऊन उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही."

माझं काम कान तपासायचं. आमच्या केंद्रात एक लहानशी आवाजबंद खोली आहे. तिला आम्ही पेटी म्हणतो. जाड दार, भिंतींना भोकाभोकांचा करडा पत्रा, एक खुर्ची, एक हेडफोन आणि वायरला लावलेलं एक बटण. बाहेर मी, माझं मशीन, आणि आमच्यामध्ये दुहेरी काचेची खिडकी. मी बारीक बारीक आवाज आत पाठवते, आतल्या माणसाला ऐकू आला की तो बटण दाबतो, माझ्याकडे दिवा लागतो, मी कागदावर खूण करते. खुणा जोडल्या की आलेख होतो. माणसाला काय ऐकू येतं आणि काय निसटतं ते त्या आलेखात दिसतं. दार लावण्याआधी मी प्रत्येकाला तेच वाक्य सांगते. दिवसातून वीस वेळा तर नक्कीच. "आवाज आला की दाबा. कितीही बारीक असला तरी दाबा." सात वर्षं हे वाक्य मी बोलते आहे आणि आता रात्रंदिवस माझं मलाच कोणी ते सांगत असल्यासारखं वाटतं. गॅस चालू राहिला का. भुंगीचं खोकणं कालच्यापेक्षा कोरडं आहे का. नवऱ्याचा फोन दोनदा वाजून बंद का झाला. कितीही बारीक असला तरी दाबा. रोज सकाळी पहिला रुग्ण यायच्या आधी मशीन ठीक चाललंय का बघायला आमच्यापैकी एकीने आत बसायचं असतं. पूर्वी मला ती पाच मिनिटं आवडायची. भुंगी झाल्यापासून आवडत नाहीत. दार बंद झालं की बाहेरचं जग कापूस कोंबल्यासारखं संपतं आणि उरते ती माझ्या कानातली धडधड. ती कधी दोन ठोके गिळते, कधी एक जास्तीचा टाकते. काउंटरवरची मुलगी बाहेरून बटणं फिरवत असते आणि मी खरा आवाज माझ्या आतल्या आवाजातून वेगळा काढत बसते. परवा ती म्हणाली, "ताई, तुमचेच कान तपासून घ्या एकदा. हल्ली उशिरा दाबता." मी हसले. हसताना जबडा दुखला. झोपेतही मी दात आवळून धरते, असं दातांच्या डॉक्टरांनी सांगितलंय.

चिठ्ठी मी नवऱ्याला दाखवली. त्याने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "मी हाक मारतो तेव्हा तूही तिसऱ्या हाकेलाच बघतेस. आनुवंशिक असेल."

"थट्टा सुचते तुला."

"अगं, पाच वर्षांची पोर आहे. खिडकीतून कावळा बघत असेल."

"आणि कावळा नसेल तर?"

"तर चिमणी असेल." मग माझं तोंड बघून तो जवळ आला. "ऐक, तू डोक्यात अख्खं हॉस्पिटल उघडलंयस. आता कॅन्टीनही चालू कर, म्हणजे मला येऊन बसता येईल." त्याचा हात माझ्या पाठीवर होता. त्या हाताखाली माझी पाठ फळीसारखी होती, आणि ते त्याला कळलं होतं, आणि त्याला कळलंय हे मला कळलं होतं. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तो घाबरून मला डॉक्टरांकडे न्यायचा, हृदयाचा आलेख काढून घ्यायचा, रक्त तपासून घ्यायचा. आलेख व्यवस्थित. रक्त स्वच्छ. डॉक्टर म्हणायचे, सगळं नॉर्मल आहे, काळजी करू नका. हे वाक्य ऐकून बाहेर पडलं की तासभर हलकं वाटायचं. मग मी विचार करायला लागायचे की आलेख काढताना ते आलंच नसेल तर.

नाही, चुकलं. पहिल्या वर्षी नव्हतं हे. भुंगी झाल्यावर सुरू झालं. हे मी स्वतःशी नीट लावून घ्यायला हवं, कारण माझा सगळा पश्चात्ताप याच क्रमावर उभा आहे. भुंगी पोटात होती तेव्हा मला यातलं काही माहीत नव्हतं. तेव्हा मी धडधाकट होते, मला दुसऱ्याच्या भीतीचा कंटाळा यायचा, आणि सातव्या महिन्यात आई माझ्याकडे कान तपासून घ्यायला आली होती.

आईला लहानपणापासून, म्हणजे माझ्या लहानपणापासून, काहीतरी होत असायचं. इस्त्री करता करता ती एका हाताची दोन बोटं दुसऱ्या मनगटावर ठेवून उभी राहायची, कपडा तापायचा, वास सुटायचा. पाहुणे यायचे असले की तिचं पोट बिघडायचं. बाबांना यायला उशीर झाला की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची, आणि मी दाराला कान लावून उभी राहायचे. पाण्याच्या आवाजामागे तिचा श्वास असायचा. मी तो शोधायचे. सापडला की सुटकेसारखं वाटायचं, नाही सापडला की मी दारावर थाप मारून काहीतरी खोटंच विचारायचे, आई माझी निळी पेन्सिल कुठाय. ती म्हणायची, "आले गं, काही नाही." बाबा म्हणायचे, "झालं का सुरू बाईसाहेबांचं." मोठा झाल्यावर दादाही तसंच म्हणायला लागला, आणि मग मीही. आमच्या घरात त्याला एकच शब्द होता, नाटकं. मी नोकरीला लागल्यावर तिचा दिवसातून तीनदा फोन यायचा. पोचलीस का, जेवलीस का, निघालीस का. एकदा रुग्ण आत बसलेला असताना तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी तिला म्हटलं, "आई, मी मेले तर ऑफिसातून कळवतील तुला. तोपर्यंत मी जिवंत आहे असं धरून चाल." ती हसली होती. मला आठवतं, कारण हसायला तिने जरा वेळ घेतला होता.

तर ती आली. बाबा जाऊन वर्ष झालं होतं आणि ती दादाकडे राहायला जाणार होती. म्हणाली, कानात काहीतरी धपधपतं, आणि लोकांचं बोलणं मधून मधून तुटतं. आमच्याकडे नियम आहे की घरच्या माणसाची तपासणी घरच्याने करायची नाही. मोठ्या मॅडमनी तो लावलाय, आमच्यात त्या सगळ्यांत अनुभवी. पण आईने माझा दंड धरला. "तूच कर. दुसऱ्यासमोर मला घाम फुटतो." मी तिला आत बसवलं, हेडफोन लावला, तिचे केस मागे घेतले, माझं नेहमीचं वाक्य सांगितलं, दार लावलं. आणि बाहेर येऊन खुर्चीत टेकते न टेकते तोच माझ्याकडचा दिवा लागला. मी अजून काही पाठवलंच नव्हतं. मग लागतच राहिला. मी आवाज पाठवला की लागायचा, नाही पाठवला तरी लागायचा. काचेतून ती दिसत होती, ताठ बसलेली, अंगठा बटणावर, डोळे माझ्या हातावर. असे लोक येतात. त्यांच्यासाठी ठरलेली पद्धत आहे. थांबायचं, त्यांना बाहेर काढायचं, पाणी द्यायचं, समजवायचं, खुर्ची वळवून बसवायची म्हणजे आपला हात त्यांना दिसत नाही, आवाजांमधलं अंतर मागेपुढे करायचं, तरी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी बोलवायचं. नव्या मुलींना मी हे सगळं शिकवते. त्या दिवशी माझे पाय सुजले होते, पाठ मोडून आली होती, बाहेर चार जण खोळंबले होते. मी दार उघडून म्हटलं, "आई, आवाज नसताना का दाबतेस?"

"येईल येईल असं वाटतं गं. चुकला तर?"

"चुकू दे ना! परीक्षा आहे का ही?"

"बरं," ती म्हणाली. "तू ओरडू नकोस. तुला चांगलं नाही आत्ता."

मी पुन्हा दार लावलं, पुन्हा तेच झालं, आणि पंधरा मिनिटांनी मी ज्या काही खुणा जमल्या होत्या त्या जोडून तिला सांगितलं, "कान ठणठणीत आहेत. तुझं सगळं इथे आहे," आणि माझ्या कपाळावर बोट ठेवून दाखवलं. काउंटरवरची तिथेच होती. आईने पर्समधून रुमाल काढला, तळहात पुसले आणि तिला म्हणाली, "हिला लहानपणी माझा श्वाससुद्धा ऐकू यायचा बरं का. दाराबाहेरून." मला वाटत होतं तिला हे कधी कळलंच नव्हतं.

मग ती दादाकडे गेली. फोन कमी झाले. दिवसातून एक, मग आठवड्यातून एक, मग मी केला तरच. बोलणंही आटलं. मी काही विचारलं की "हो, हो", "बरंय सगळं", आणि पटकन वहिनीकडे फोन द्यायची. मला वाटलं रागावली. मग वाटलं, बरं झालं, सुधारली. भुंगी झाली, आणि तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तिला पाजताना माझ्या छातीत पहिल्यांदा कोणीतरी दार ठोठावलं. मी इतकी घाबरले की तिला पलंगाच्या मधोमध ठेवून, माझ्या हातून पडू नये म्हणून, स्वतः जमिनीवर जाऊन बसले. त्या क्षणी मला आईची दोन बोटं आठवली. माझीही दोन बोटं मनगटावर होती. फोन शेजारीच होता. मी तो केला नाही. काय तोंडाने करणार होते? आणि मग पाच वर्षं केला नाही. म्हणजे फोन केले, हे सांगितलं नाही. गेल्या वर्षी वहिनीने तिला त्यांच्या गावातल्या दवाखान्यात नेलं, कारण दारावरची बेल तिला ऐकू येईना. तिथला आलेख वहिनीने मला पाठवला. मला तो वाचायला दोन सेकंद लागले असतील. दोन्ही कानांचा उतार घसरगुंडीसारखा. असा उतार वर्षा-दोन वर्षांत होत नाही. तो तेव्हाही होता. ती तेव्हाच बहिरी होत चालली होती, आणि आवाज चुकू नये म्हणून इतकी जीव तोडून बटण दाबत होती की ते मला दिसलं नाही. ऐकण्याचं मशीन कानाला लावलं तर ती दोन दिवसांत काढून ठेवते. वहिनी सांगते, "म्हणतात, सगळंच ऐकू येतं यात. पंखा, नळ, माझाच श्वास. नको मला."

शनिवारी केंद्र दुपारी बंद होतं. बाकीच्या गेल्यावर मी भुंगीला घेऊन गेले. मोठ्या मॅडम आत त्यांच्या खोलीत कागद बघत बसल्या होत्या, त्यांना मी सांगितलं नाही. नियम मोडायचा हे ठरवूनच गेले होते. दुसऱ्या कोणी तपासलं असतं तर मला त्या काचेच्या बाहेरही थांबता आलं नसतं, आणि नुसतं थांबायचं मला जमत नाही. लहान मुलांना आम्ही बटण देत नाही. लाकडी मण्यांचा ढीग आणि एक पत्र्याची वाटी देतो. आवाज आला की मणी वाटीत टाकायचा. भुंगीला ते फार आवडलं. हेडफोन तिच्या डोक्यावर मोठा झाला, मी मागे रुमालाची घडी कोंबली. खुर्ची वळवली नाही. तिचं तोंड मला दिसायला हवं होतं. दार लावलं. माझे हात इतके गार होते की मशीनची बटणंच मला कोमट लागली. पहिला आवाज, मणी. दुसरा, मणी. मी आवाज बारीक करत गेले आणि मणी पडत गेले, आणि माझा श्वास कित्येक दिवसांनी तळापर्यंत उतरला. ऐकू येतंय. हिला सगळं ऐकू येतंय. अगदी शेवटचा, मलाही जेमतेम येतो तो, त्यालाही मणी. मी हसले, काचेतून तिला अंगठा दाखवला. तीही हसली आणि तिने आणखी एक मणी टाकला. तोवर माझे दोन्ही हात मांडीवर आले होते.

मी वाट बघितली. काही पाठवलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, टक लावून, रस्ता ओलांडायच्या आधी गाड्यांकडे बघावं तशी. माझ्या कपाळावर घाम आला असावा, मी तो पुसला. मणी पडला. मी ओठ चावला. मणी पडला. काचेच्या आतून तो आवाज मला ऐकू येत नव्हता, फक्त तिची बोटं उघडलेली दिसत होती.

आत गेले. गुडघ्यांवर बसून तिचा हेडफोन काढला. तिचे कान लाल झाले होते.

"भुंगे, आवाज आला होता का गं?"

"कधी?"

"आत्ता. हे मणी टाकलेस तेव्हा."

तिने वाटीत बघितलं. "नाही."

"मग का टाकलेस?"

"तुझं तोंड तसं झालं."

"कसं?"

"गेटवर झालेलं तसं." मग समजूत घातल्यासारखी म्हणाली, "मणी टाकला की तू हसतेस."

गेटवर. दोन महिन्यांपूर्वी शाळा सुटायच्या वेळी मी फाटकापाशी उभी होते आणि काही कारण नसताना जमीन मऊ झाली. श्वास भराभर व्हायला लागला, बोटं आपोआप वळली, पक्ष्याच्या नख्यांसारखी आत वळून ताठ झाली, उघडता येईनात. मी पायरीवर बसले. वॉचमनने पाणी आणलं, ते मला धरता येईना, त्याने बाटली माझ्या तोंडाला लावली. हे सगळं भुंगीने पाठीवर दप्तर घेऊन बघितलं. नंतर मी तिला सांगितलं, आईला ऊन लागलं. तिने मान वर करून आभाळाकडे बघितलं होतं. दिवसभर ढग होते.

"आणि वर्गात?" मी विचारलं. माझा आवाज त्या पेटीत फार जवळ वाटत होता. "बाई हाक मारतात तेव्हा ऐकू येत नाही?"

"तेव्हा मी ऐकत असते."

"काय ऐकत असतेस?"

"गेट," ती म्हणाली. "तू पडलीस तर आवाज येईल ना."

मला रडू आलं नाही. ते बरं झालं असतं. माझं अंग उलट एकदम शांत झालं, मुंग्या गेल्या, धडधड गेली, आणि त्या जागी काहीच राहिलं नाही. तिचे हात धरून मी बसून राहिले. न्हाणीघराच्या दाराला लावलेला माझा कान मला आठवत होता, त्या लाकडाचा ओलसर वास. मला सात वर्षं वाटत आलं होतं की बारीक आवाज ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मोठ्या मॅडम सगळ्यांना सांगायच्या, हिचे कान बघा. मी ते कुठे शिकले हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आता माझी मुलगी तेच शिकत होती, शाळेच्या फीच्या पैशांत.

मग जे सहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं ते केलं. मॅडमच्या दारावर टकटक केलं. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"नियम मोडलास?"

"हो."

"पुन्हा?"

त्या आईचं विसरल्या नव्हत्या. मी मान हलवली. त्या उठल्या, भुंगीला म्हणाल्या, "चल गं, तुझी आई बाहेर खुर्चीवर बसणार. तिथून तिला हलायचीसुद्धा परवानगी नाही. आपण दोघी खेळू." पॅसेजमधल्या खुर्चीवर मी बसले. दार लागलं. ती वीस मिनिटं मी काहीच तपासलं नाही, घड्याळ नाही, मनगट नाही. अंगात जे होत होतं ते होऊ दिलं. हे मोठं काही केलं असं नाही, दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मॅडम बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात आलेख होता, अगदी वरून गेलेली सरळ रेघ.

"कान शाबूत आहेत. जरा जास्तच शाबूत आहेत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिला ऊन-बिन सांगू नकोस. मूर्ख नाहीये ती. आणि स्वतःसाठी कोणाकडे तरी जा. कानांच्या नाही."

"मॅडम, आईचा कागद असेल का अजून?"

त्यांनी जुन्या कागदांचं कपाट उघडून दिलं. सापडायला वेळ लागला नाही, माझंच अक्षर, तेव्हाचं गोल, घाईतलं. खाली शेऱ्यात दोन ओळी. पहिली, आवाज नसताना वारंवार प्रतिसाद. दुसरी, श्रवण सामान्य. पहिली खरी असेल तर दुसरी लिहिताच येत नाही. जो न आलेल्या आवाजालाही बटण दाबतो त्याच्या कागदावर सामान्य लिहायचं नसतं, पुन्हा तपासणी लिहायचं असतं. पहिल्या महिन्यातल्या मुलीने असं लिहिलं तर मी तिला कागद परत देते. मॅडम माझ्या खांद्यावरून बघत होत्या. म्हणाल्या, "दमली होतीस तेव्हा तू." त्यांनी ते मायेने म्हटलं, पण मला ते पुरलं नाही.

केंद्राच्या बाहेर बसस्टॉपला बाक आहे. बसला वेळ होता. भुंगीने मॅडमकडून एक मणी बक्षीस मिळवला होता, तो ती दोन तळहातांत फिरवत होती. मी म्हटलं, "भुंगे, त्या दिवशी ऊन लागलं नव्हतं."

"माहितीये."

"माझ्या छातीत कधीकधी उगाच धडधड होते. भीती वाटते."

"कशाची?"

"कशाची असं नाही. आवाज आलेला नसतो तरी मणी टाकला जातो ना, तसं."

तिने मणी मुठीत धरला. "मग परत काढून घ्यायचा वाटीतून."

"हो. मी काढते परत. जरा वेळ लागतो. पण ते माझं काम आहे, तुझं नाही. शाळेत तू बाईंचं ऐकायचं."

"आणि तू पडलीस तर?"

तोंडावर आलेलं 'नाही पडणार' मी गिळलं. "तर वॉचमनकाका आहेत, पाणी आहे, पायरी आहे. मी बसेन आणि मग उठेन. मागच्या वेळी उठले ना?"

"उठलीस," ती म्हणाली, जरा नाइलाजाने, आणि गुणगुणायला लागली. तिने माझं सगळं मानलंय असं मला वाटलं नाही. एका दुपारी सांगून ते मानलं जाणार नाही, हेही मला कळतं. सोमवारी ती वर्गात बसून पुन्हा गेट ऐकेल. मंगळवारी कदाचित थोडं कमी.

मी फोन काढला. आईच्या नावावर अंगठा ठेवला आणि छातीत लगेच सुरू झालं. पहिली घंटा वाजायच्या आधीच. बराच वेळ वाजल्यावर तिने उचलला. "हां, बोल," ती मोठ्याने म्हणाली, ज्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही ते बोलतात तशी. मागे कुठेतरी वहिनी भांडी लावत होती.

"आई, मला तुला सांगायचंय. त्या दिवशी तुझे कान मी नीट तपासले नाहीत. मी पुन्हा बोलवायला हवं होतं तुला. तुझं खरं होतं. आणि आई, मला पण होतं ते सगळं. धडधड, मुंग्या, सगळं. भुंगी झाल्यापासून."

"हो, हो," आई लगेच म्हणाली. "बरंय सगळं. हो."

बस लांबून येताना दिसत होती. भुंगी बाकावरून उतरून माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तिला मी बघू दिलं. आईला यातला एकही शब्द ऐकू गेला नव्हता. मी काहीतरी विचारलं असेल, उत्तर चुकायला नको, म्हणून तिने दाबलं होतं. सहा वर्षं मी या 'हो'ला कधी राग समजले, कधी समाधान.

अशा माणसाला घाई करायची नसते. आवाज वाढवायचा, अंतर बदलायचं आणि पुन्हा पाठवायचा.

"आई," मी आवाज चढवून म्हटलं, "फोन ठेवू नकोस. वहिनीकडे देऊ नकोस. ते मशीन कानाला लाव. मी थांबते."

"काय?"

"मशीन. मी थांबलेय."

पलीकडे खण उघडल्याचा आवाज आला, काहीतरी पडलं, शिट्टीसारखं वाजलं. बस आली, थांबली, दार उघडलं, ड्रायव्हरने आमच्याकडे बघितलं. मी मान हलवली. बस गेली.

"हां," आई म्हणाली. या वेळी हळू. "कोण गुणगुणतंय तिथे?"

मी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.